मेक्सिकोच्या कासोवरून: तांब्याची छोटी शोभेची कढई पहिल्यांदा ठोकताना

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो शहराच्या दक्षिणेला सांता क्लारा देल कोब्रे हे तांबटांचं गाव आहे. गल्लीत शिरलं की घणांचा आवाज आधी येतो, दुकानं नंतर दिसतात. इथली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रोजच्या वापरातली वस्तू म्हणजे कासो: तांब्याची जाड, पसरट कढई, गोलसर बुडाची, काठाला समोरासमोर दोन भक्कम कान. मिचोआकानचे प्रसिद्ध कार्निटास, म्हणजे चरबीत तासन् तास शिजवलेलं डुकराचं मांस, याच भांड्यात होतं. राज्याची राजधानी मोरेलियात पेरूचा किंवा क्विन्स नावाच्या फळाचा गर साखरेत आटवून 'आते' नावाच्या घट्ट वड्या करतात, त्याही यातच. शेजारच्या ग्वानाहुआतो राज्यात सेलायाला बकरीचं दूध आटवून काहेता करतात, तीसुद्धा तांब्याच्या कासोत. तांब्यात उष्णता चटकन आणि सारखी पसरते, त्यामुळे आटवताना दूध एका जागी लागत नाही.

हाच कासो लहान आकारात करून भिंतीवर टांगायची किंवा टेबलावर ठेवायची पद्धत आता जगभर दिसते. या लेखात तशीच एक कढई, साधारण १३ सेंटिमीटर रुंद, अगदी पहिल्यापासून कशी करायची ते सांगतो. हातात कधी हातोडा धरला नसेल तरी चालेल. घाई मात्र चालणार नाही.

आधी मूळ काम नीट बघा

मिचोआकानमधल्या पुरेपेचा लोकांना स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून तांबं येत होतं. पात्स्कुआरो सरोवराकाठच्या त्सिन्त्सुन्त्सान या त्यांच्या राजधानीच्या काळातल्या तांब्याच्या घंट्या, सुया, चिमटे, कुऱ्हाडी आजही संग्रहालयांत आहेत. सोळाव्या शतकात बिशप वास्को दे किरोगा यांनी त्या भागातल्या गावागावांना एकेक हस्तव्यवसाय लावून दिला असं तिथे सांगतात, आणि तांब्याची मोठी भांडी सांता क्लाराकडे आली. जुनी कला आणि युरोपातली गरज यांच्या मेळातून कासो तयार झाला.

तिथल्या कारखान्यात काम पत्र्यापासून सुरू होत नाही. तारा, जुन्या वीजवाहिन्या, मोडीचं तांबं भट्टीत वितळवतात आणि राखेने लिंपलेल्या खड्ड्यात ओततात. थंड झाल्यावर जाड गोल गोळा निघतो, त्याला तेहो म्हणतात. तो पुन्हा लाल करून ऐरणीवर ठेवतात. एकजण सांडशीने धरून फिरवत राहतो आणि बाकीचे गोलाकार उभे राहून मोठे घण पाळीपाळीने घालतात. इतक्या लयीत, की दोन घण कधी एकमेकांवर आपटत नाहीत. गोळ्याची जाड चकती झाली की अशा कित्येक चकत्या एकावर एक ठेवून एकदमच ठोकतात, म्हणजे पातळ होताना त्या फाटत नाहीत. शेवटी एकेक भांडं वेगळं काढून खुंटावर हाताने पूर्ण करतात.

हे सगळं नवशिक्याने करायचं नाही. तेहो वितळवणं तर मुळीच नाही. आपण बाजारात मिळणाऱ्या पत्र्यापासून सुरुवात करू, म्हणजे त्यांच्या कामाच्या मधल्या टप्प्यापासून.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कासोवर ज्या बारीक खळग्यांच्या रांगा चमकतात, त्या शोभेसाठी वरून काढलेल्या नसतात. भांडं ताठ व्हावं म्हणून दिलेल्या शेवटच्या ठोक्यांच्या त्या खुणा आहेत. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात ते हेच, त्याच कारणासाठी. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यावर गोल डोक्याच्या हातोडीने मनाला येतील तशा खाचा पाडून 'हातकाम' म्हणून विकतात, ते शेजारी ठेवून बघा. भांडं हातात घेतलं की चार सेकंदांत फरक कळतो: खऱ्या कामात खुणा आकाराच्या वळणाबरोबर चालतात, नकली कामात त्या आकाराशी काही देणंघेणं नसल्यासारख्या विखुरलेल्या असतात.

सामान

तांब्याचा पत्रा १ मिलिमीटर जाडीचा घ्या. त्यापेक्षा पातळ घेतला तर मठारताना फाटायची भीती, जाड घेतला तर पहिल्याच दिवशी मनगट बोलायला लागतं. १५ × १५ सेंटिमीटरचा तुकडा साधारण २०० ग्रॅमचा होतो. पत्रा मऊ हवा असं दुकानदाराला सांगा, कडक दिला तरी बिघडत नाही, पहिला ताव (म्हणजे तापवून मऊ करणं) आधी द्यावा लागेल एवढंच. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत तांबा काट्याच्या परिसरात विचारलंत तर पत्ता लागतो. पितळ घेऊ नका. दिसायला सोपं वाटतं, पण नवख्या हातात चटकन तडकतं.

हातोड्या दोन. एक ३०० ते ५०० ग्रॅमची, गोल डोक्याची, खोलगट करायला. दुसरी साधारण २५० ग्रॅमची, जवळजवळ सपाट पण किंचित फुगीर तोंडाची, मठारायला. या दुसरीचं तोंड आरशासारखं हवं. पॉलिश पेपर ४०० पासून १००० पर्यंत चढत जाऊन घासा आणि मग कापडावर पॉलिश लावून चमकवा. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर छापला जातो, आणि ठोके शेकड्यांनी असतात. तिसरी एक लाकडी मोगरी, सुरकुत्या बसवायला.

बाभळीचा किंवा कोणत्याही घट्ट लाकडाचा ओंडका, कापलेला भाग वर येईल असा उभा. त्यात गोल पटाशीने १० सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल अशी गुळगुळीत वाटी कोरा. मठारायला लोखंडाचा गोल खुंट लागतो. नसेल तर जुन्या डंबेलचा गोळा शिकंजात घट्ट पकडला तरी भागतं, फक्त तो गुळगुळीत हवा आणि आपल्या कढईच्या आतल्या वळणापेक्षा किंचित जास्त गोल हवा.

याशिवाय पत्र्याची कातर, कानस, परकार, सांडशी, ड्रिल आणि ३ मिलिमीटरचा बिट. कानांसाठी ४ ते ५ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार (अर्थिंगची तार चालते) आणि रिव्हेटसाठी ३ मिलिमीटरची. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, चामडी हातमोजे, सुती कपडे.

आग कशी द्यायची हा खरा प्रश्न. स्वयंपाकघरातल्या छोट्या टॉर्चने एवढी चकती लाल होणार नाही, ती उष्णता तांबं लगेच सगळीकडे पसरवून टाकतं. सिलिंडरला जोडायचा मोठा टॉर्च हवा, नाहीतर लाकडी कोळशाची शेगडी आणि तिला फुंकर घालायला भाता किंवा जुना हेअर ड्रायर. शेगडीची मजा वेगळी आहे, आणि ती सांता क्लाराच्या पद्धतीच्या जवळही जाते. पण शेगडी उघड्यावरच पेटवा. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो, आणि त्याला वासही येत नाही. भंगारातल्या तारा जाळून तांबं काढायचा मोह झाला तर तो सोडा. वायरीवरचं प्लॅस्टिक जळताना विषारी धूर निघतो.

पायरी १: चकती

परकाराने १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि कातरीने रेषेच्या अगदी बाहेरून कापा. कातरीचं तोंड पूर्ण मिटू देऊ नका, प्रत्येक वेळी टोक मिटायच्या आधीच पुढे सरका, म्हणजे कडेला दात पडत नाहीत. मग कानस मारून कड गोल करा. बोट फिरवलं तर कुठेही अडकता कामा नये. कडेला राहिलेली एक बारीक चीर पुढे ठोकताना आत सरकत जाते आणि कढईच फाडते.

त्याच मध्यबिंदूवरून दीड-दीड सेंटिमीटरवर वर्तुळं आखा. ठोके सरळ रांगेत पडायला त्यांचीच मदत होते.

पायरी २: ताव

तांबं ठोकलं की कडक होतं. आतले कण दाबले जातात, एकमेकांत अडकतात, आणि एका मर्यादेनंतर पत्रा वाकायच्या ऐवजी तडकतो. तापवला की कणांची रचना नव्याने बसते आणि पत्रा पुन्हा मऊ. याला ताव देणं म्हणतात. बिघडलेल्या कामात हातोडीपेक्षा तावाचा दोष जास्त असतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

काम सावलीत करा, शक्य तर संध्याकाळी. उन्हात तांब्याचा रंग दिसत नाही आणि गरजेपेक्षा जास्त तापवलं जातं. ज्योत एका जागी धरू नका, गोल फिरवत रहा. आधी पृष्ठभागावर नारिंगी, जांभळे रंग पळताना दिसतील, मग चकती काळी पडेल, आणि मग अंधारात कळेल न कळेल असा मंद लाल रंग येईल. तो सगळीकडे आला की ज्योत बाजूला घ्या. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. आपल्याला त्याच्या आसपासही जायचं नाही. चकचकीत नारिंगी दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. फार तापलेल्या तांब्याचे कण मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, आणि तो पुढे मठारूनही पूर्ण जात नाही.

पोलादाच्या उलट, तांबं गरम असताना थेट पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं. सांडशीने धरून कडेकडून पाण्यात सरकवा, सपाट टाकू नका, वाफ अंगावर येते. पाण्यात शिरताना वरची काळी साल पापुद्रे होऊन सुटते, थोडं काम तिथेच होतं.

राहिलेला काळेपणा काढायला १ लीटर गरम पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला आणि चकती त्यात थोडा वेळ राहू द्या. चिंच-मीठही चालतं, पण हळू. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. द्रावण वापरून निळसर-हिरवं झालं की त्यात तांब्याचे क्षार आले, ते झाडांच्या मुळाशी किंवा गटारात ओतू नका. चकती बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, पूर्ण कोरडी करा. काळ्या सालीवर ठोकलं तर तिचे कण तांब्यात रुततात.

पायरी ३: खोलगट करणं

चकती ओंडक्यातल्या वाटीवर तिरकी धरा, अशी की कडेच्या आतला सेंटिमीटरभर भाग वाटीच्या काठाशी येईल. मोठी हातोडी घ्या. ठोका, चकती थोडी फिरवा, ठोका, फिरवा. हातोडी नेहमी एकाच जागी पडली पाहिजे, फिरायचं काम चकतीचं. पहिला फेरा बाहेरच्या वर्तुळावर, दुसरा त्याच्या आतल्या, असं करत मध्यापर्यंत या. ठोके एकमेकांवर थोडे चढलेले असावेत, मध्ये न ठोकलेली जागा राहू नये.

पहिल्याच फेऱ्यात कड लाटेसारखी वर-खाली होईल. घाबरू नका, तसंच व्हायचं असतं. बाहेरचा घेर आता जास्त झालाय, त्याला जागा नाही. पण ती लाट लगेच मोगरीने बसवा. लाट वाढून तिची घडी झाली आणि ती घडी तुम्ही दाबली, तर तिथे पुढे चीर पडणार हे नक्की.

ताव पुन्हा कधी द्यायचा? कान उघडे ठेवा. मऊ तांब्यावर हातोडी पडली की आवाज बसका येतो, थप-थप. कडक होत गेलं की तो वर चढतो, टण-टण होतो, आणि हातोडी हाताला उलटी उडते. तुम्ही जास्त जोर लावायला लागलात तर थांबा. जोर लावायची वेळ आली म्हणजे तावाची वेळ आली. या आकाराच्या कढईला सहसा तीन ते पाच ताव लागतात. मोजत बसण्यापेक्षा ऐका.

प्रत्येक ताव झाल्यावर, नवा फेरा सुरू करायच्या आधी, एक छोटं काम करा. कढई वाळूच्या कापडी पिशवीवर उभी धरा आणि कडेवर सरळ, हलके ठोके देत एक फेरा घाला. कड किंचित जाड होते. चांगल्या कासोचा काठ अंगापेक्षा जाड असतो आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच जातो. हे काम शेवटी एकदम करायला गेलात तर कड वाकते, म्हणून दर तावाला थोडं थोडं.

१५ सेंटिमीटरच्या चकतीतून १३ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन ते चार सेंटिमीटर खोल कढई निघते. यापेक्षा खोल करायचा हट्ट पहिल्या वेळी धरू नका. टेबलावर ठेवायची असेल तर ती सपाट लोखंडावर ठेवून आतून मोगरीने बुडाचा चारेक सेंटिमीटरचा भाग सपाट करा. टांगायची असेल तर बूड गोलच राहू द्या, ते जास्त खरं दिसतं.

पायरी ४: मठारणं

शेवटचा ताव, शेवटची सफाई, आणि यापुढे ताव नाही. मठारल्यावर लाल होईपर्यंत तापवलं तर कमावलेला ताठपणा गेला.

कढई खुंटावर उपडी ठेवा आणि मध्यापासून सुरू करून गोगलगाईच्या शंखासारखं फिरत बाहेर या. चमकवलेली हातोडी मनगटातून, हलकी. पुन्हा आवाजच सांगतो: तांबं खाली खुंटाला टेकलेलं असेल तर टक् असा भरीव आवाज येतो. धब् असा पोकळ आला तर खाली हवा आहे, तिथे ठोकू नका, पोचा पडेल. कढई किंचित हलवून टक् शोधा आणि मग ठोका.

प्रत्येक खूण मागच्या खुणेवर तिसरा हिस्सा चढलेली असावी. पहिल्या दोन-तीन रांगा वेड्यावाकड्या येतात. हरकत नाही, त्या बुडाला आहेत. रांग सरळ ठेवायची युक्ती अशी की नजर हातोडीवर न ठेवता मागच्या रांगेच्या कडेवर ठेवायची. थकलात की थांबा. थकलेल्या हाताची खूण तिरकी पडते, एका बाजूला खोल आणि दुसरीकडे नखाच्या चंद्रासारखी रेघ. अशी रेघ उमटली की तिच्यावर जोरात ठोकून पुसायला जाऊ नका, हलक्या हाताने आजूबाजूने चार ठोके द्या, ती मिसळून जाते.

पूर्ण झाल्यावर कढई दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा. सुरुवातीला वाकणारा पत्रा आता वाकत नाही.

सांता क्लाराचे कारागीर इथे थांबत नाहीत. अंगावर भोपळ्यासारख्या फाका काढणं, पिसांसारखी नक्षी ठोकणं, उंच फुलदाण्या एकाच गोळ्यातून ओढणं, असं काम तिथल्या वार्षिक तांबे-मेळ्यात ऑगस्टमध्ये मांडलेलं असतं आणि त्यावर स्पर्धा होतात. या प्रकारच्या कामाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा जोर मिळाला. तिथे येऊन स्थायिक झालेले अमेरिकन शिल्पकार जेम्स मेटकाफ आणि त्यांची पत्नी, मेक्सिकन शिल्पकार आना पेयिसेर यांनी गावातल्या कारागिरांबरोबर काम केलं आणि तिथे शाळा उभी केली. पण ते सगळं या साध्या मठारण्याच्या पुढचं आहे. त्याच्या आधी नक्षीला हात घालू नका.

पायरी ५: काठ आणि कान

काठ सपाट फरशीवर उलटा ठेवून बघा, कुठे डुगडुगतो ते कळेल. उंच भाग कानसीने उतरवा, मग पॉलिश पेपर.

कानांसाठी तारेचे १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा, ताव द्या. दोन्ही टोकं दीड सेंटिमीटरपर्यंत ठोकून पळीसारखी चपटी करा आणि त्या पळीत ३ मिलिमीटरचं भोक पाडा. मग तार नालासारखी वाकवा. कासोचे कान नाजूक नसतात, उकळत्या चरबीची कढई उचलायला केलेले असतात, म्हणून कमान थोडी बाहेर झुकलेली आणि बोट जाईल एवढी मोकळी ठेवा. बारीक नक्षीदार कान लावले की कढईचा दागिना होतो आणि कासो हरवतो.

आता महत्त्वाचं. कढईला चारही भोकं आधी पाडून ठेवू नका. एक भोक पाडा, कानाचं एक टोक रिव्हेटने बसवा, कान जागेवर सरळ धरा, मग दुसऱ्या टोकातून कढईवर खूण करून दुसरं भोक पाडा. आधी मोजून पाडलेली भोकं कधीही जुळत नाहीत. तांब्यात ड्रिल अडकून वस्तू गरकन फिरवतं, तेव्हा कढई लाकडाला बांधून घ्या, आतून लाकडाचा टेकू द्या, तेलाचा थेंब टाका आणि वेग कमी ठेवा. हाताने धरून भोक पाडायचं नाही, कितीही लहान असलं तरी.

रिव्हेट म्हणजे ३ मिलिमीटरच्या तारेचा तुकडाच. दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर बाहेर राहील एवढा कापा. आतली बाजू लोखंडावर टेकवा आणि बाहेरचं टोक गोल डोक्याच्या हातोडीने आधी मध्यात, मग कडेकडेने हलके ठोकत छत्रीसारखं पसरवा. मग उलटं करून दुसरी बाजू. एकाच जोरदार ठोक्यात काम उरकायला गेलात तर तार आत वाकते आणि कान कायमचा खुळखुळतो.

पायरी ६: रंग

साबणाच्या पाण्यात पितळी ब्रशने घासलं की गुलाबी चमक येते. बऱ्याच जणांना इथेच थांबावंसं वाटतं. माझ्या मते नव्या तांब्याचा तो रंग कासोला शोभत नाही, खुणा सपाट दिसतात.

घरगुती उपाय म्हणजे उकडलेलं अंडं. पिवळा बलक कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी कढई (अंड्याचा स्पर्श होऊ न देता), झाकण घट्ट. बलकातल्या गंधकाने काही तासांत तांबं तपकिरी होत जातं. अधूनमधून बघा आणि हवा तो रंग आला की काढा, धुवा. घरात अंडं चालत नसेल तर टॉर्चची ज्योत लांबून फिरवूनही नारिंगी-जांभळे रंग येतात, फक्त लाल होण्याच्या बरंच आधी थांबा. नंतर पितांबरी किंवा तसलीच पूड बोटाच्या टोकाने नुसती उंच कडांवर फिरवा. खळगे गडद राहतात, कडा उजळतात, आणि मठारलेल्या रांगा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसतात.

वर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, मऊ कापडाने. वर्षातून एकदोनदा पुन्हा लावलं की पुरे.

ही कढई शोभेची आहे, तेव्हा तिच्यात ताक, लोणचं, चिंचेचा कोळ असलं आंबट काही ठेवू नका. उघडं तांबं आंबटात विरघळतं. खायच्या कामासाठी करायची असेल तर मेण-रंग न लावता आतून कल्हई करून घ्या. मेक्सिकोत कासो बिनकल्हईचा वापरतात, पण चरबीसाठी किंवा साखर घालून आटवायच्या पदार्थांसाठी, वापरण्याआधी घासून लख्ख करून, आणि पदार्थ शिजला की लगेच काढून घेतात.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

हे सगळं वाचून शेजाऱ्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तर कमी आवाजाचा आणि बिनआगीचा एक रस्ता मेक्सिकोतच आहे: ओहालाता, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचं काम. ओआहाका आणि सान मिगेल दे आयेंदे ही त्याची गावं. हृदयाच्या आकाराचे टांगते तुकडे, आरशांच्या चौकटी, कंदील, वर पारदर्शक रंग.

आपल्याकडे तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा हा उत्तम माल आहे. डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढा, पत्रा उलगडून मोगरीने सपाट करा. कागदावर कासोची, चॉकलेट घुसळायच्या मोलिनियो रवीची किंवा टॉर्टिया भाजायच्या कोमाल तव्याची बाह्यरेषा काढा आणि ती मागच्या बाजूवर चिकटवा. जाड वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पत्रा ठेवून बोथट केलेल्या खिळ्याने रेषेवरून टिंबं ठोकत जा. मागून ठोकलेलं पुढून दाण्यांसारखं उठून दिसतं. कासोचं अंग भरायला खिळ्याऐवजी जुन्या बॉलपेनचं बंद टोक दाबून रांगा ओढल्या तर मठारल्यासारखा पोत येतो.

शेवटी कातरीने आकार कापा आणि कड दोन मिलिमीटर मागे दुमडा. हातमोजे काढायचे ते दुमडून झाल्यावरच. डब्याच्या पत्र्याची कड ब्लेडपेक्षा कमी नसते. टांगायचं भोक मात्र दुमडायच्या आधी पाडून घ्या, नंतर पत्रा दुहेरी होतो आणि खिळा सरकतो.